काळी बाग आणि दगडी स्वप्ने

शत्रूचे क्रौर्य रंगविणे कादंबरीकाराला फारसे अवघड जात नाही. राग तयार असतो, शब्द तयार असतात आणि वाचकही टाळ्या वाजवायला तयार असतो. लेखकाची खरी परीक्षा होते ती आपल्याच आळीतल्या माणसांनी शेजाऱ्याच्या घरावर दगड मारला, हे लिहायची वेळ येते तेव्हा. त्या वेळी पुष्कळांची लेखणी अडखळते. कोणी इतिहासाच्या आड जातो, कोणी 'दोन्हीकडे चुकले' असे मोघम वाक्य लिहून मोकळा होतो, तर कोणी ते प्रकरणच गाळून टाकतो. अडखळायला हरकत नाही. पण अडखळून पुन्हा चालू लागणारे थोडे. अशा थोड्यांपैकी एकाच्या कादंबरीविषयी मला लिहायचे आहे. तिच्या जोडीला एका वार्ताहराचे पुस्तकही घेणार आहे, कारण त्यावाचून कादंबरीची पार्श्वभूमी आपल्याकडच्या वाचकाला उमगणार नाही.

फराळाचे ताट पुढ्यात आणि अंगणात आकाशकंदील, अशा दिवसांत हा काकेशसमधला झगडा कशाला, असे घरातले वडीलधारे विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की, ह्या हकीकतीत लढाई आहे त्याहून शेजार अधिक आहे. आणि शेजाराविषयी आपल्या घरांत दिवाळीइतके बोलणे एरवी होत नाही. शिवाय ज्या राज्याची ही गोष्ट, ते आज उरलेले नाही. १ जानेवारी २०२४ पासून ते विसर्जित होईल, असा हुकूम त्याच्याच अध्यक्षाने काढला होता. शाळेत मी मुलांना भूगोल शिकवतो. नकाशातून नाहीसे झालेले देश मुलांना सांगता येतात. पण जो देश नकाशात कधी आलाच नाही, तीस वर्षे नांदला आणि मग आठवडाभरात रिकामा झाला, तो कोणत्या धड्यात घालायचा?

त्याचे नाव नागोर्नो-काराबाख. 'नागोर्नो' हा रशियन शब्द, अर्थ डोंगराळ. 'कारा' म्हणजे तुर्की भाषेत काळा, आणि 'बाग' म्हणजे आपली बागच. फारसीतून आपल्याकडे आली तीच. तीन भाषांनी मिळून ठेवलेले हे नाव. आर्मेनियन लोक मात्र ह्या तिन्हींना बाजूला सारून त्याला 'आर्त्साख' म्हणत, आणि २०१७ साली त्यांनी तेच नाव अधिकृतही केले. ह्या मुलखात गावांना दोन नावे, इतिहासाच्या दोन प्रती आणि प्रत्येक जखमेला दोन तारखा आहेत. राजधानीला एक बाजू स्तेपानाकेर्त म्हणते, दुसरी खानकेंदी. आपण कोणते नाव उच्चारतो त्यावरून ऐकणारा आपला पक्ष ठरवतो.

हकीकत थोडक्यात सांगतो. मुलूख अझरबैजानच्या हद्दीत, वस्ती बहुतांशी आर्मेनियन. १९२१ च्या जुलैत बोल्शेविकांनी तो अझरबैजानकडे ठेवायचे ठरवले आणि १९२३ साली त्याला स्वायत्त प्रांताचा दर्जा दिला. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. १९८९ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे १ लाख ८९ हजार, त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक आर्मेनियन आणि उरलेले बहुतेक अझरबैजानी. मॉस्कोचा वचक होता तोवर शेजार टिकला. २० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांताच्या सोविएतने आर्मेनियात सामील करून घेण्याची मागणी करणारा ठराव केला, आणि आठवडाभरातच काराबाखपासून पुष्कळ दूर असलेल्या सुमगाईत ह्या कारखान्यांच्या गावी आर्मेनियनांच्या घरांवर जमाव चालून गेला. सरकारी आकड्याप्रमाणे तेथे ३२ माणसे मेली, त्यांतली २६ आर्मेनियन. त्यानंतर अझरबैजानमधून आर्मेनियन आणि आर्मेनियातून अझरबैजानी, असे लोंढे दोन्ही दिशांनी वाहू लागले. सोविएत संघ मोडत असताना, २ सप्टेंबर १९९१ रोजी काराबाखने स्वतःला प्रजासत्ताक म्हणून जाहीर केले, डिसेंबरात सार्वमत घेतले, आणि उघड युद्ध पेटले. १२ मे १९९४ पासून ते थांबले तेव्हा दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीस हजार माणसे मेली होती आणि दहा लाखांहून अधिक माणसे घराला मुकली होती.

युद्ध आर्मेनियन बाजूने जिंकले. काराबाख तर राखलेच, पण भोवतालचे अझरबैजानचे सात जिल्हेही, काही संपूर्ण, काही अंशतः, ताब्यात घेतले. तेथली अझरबैजानी वस्ती पळून गेली. १९९३ ह्या एका वर्षात राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने त्यावर चार ठराव केले आणि ते कागदावरच राहिले. सुरक्षेचा कोट म्हणून घेतलेली ही जमीन पुढे ह्या राज्याच्या गळ्यातला धोंडा झाली, हे माझे मत. सौदा करायला म्हणून जी जमीन ठेवली, तिचाच पुढे मोह जडला.

असो. टॉमस द वाल ह्या इंग्रज वार्ताहराचे 'ब्लॅक गार्डन' हे पुस्तक २००३ साली आले. माझे इंग्रजी शाळकरी; कोश मांडीवर घेऊन ते वाचायला मला एक उन्हाळ्याची सुट्टी पुरली नाही. तरी सांगतो, पुस्तक अवघड नाही. त्याची रचना मला फार आवडली. एक प्रकरण इतिहासाचे, पुढचे प्रवासाचे. एकदा येरेवान, एकदा बाकू, मध्येच एखादे उद्ध्वस्त गाव. वाचक एका बाजूची कैफियत ऐकून तिला मान डोलावू लागतो न लागतो, तोच लेखक त्याला हाताला धरून पलीकडे नेतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत तो बसत नाही. मात्र हिशेब तपासणाऱ्या कारकुनाची चिकाटी त्याच्यात आहे. अझरबैजानचे पुढारी जगभर सांगत होते की, आमचा वीस टक्के देश शत्रूने बळकावला. द वालने चौरस किलोमीटर मोजून दाखवले की, आकडा चौदा टक्क्यांच्याही आत आहे. आता, चौदा टक्के मुलूख जाणे हेही काही थोडे दुःख नव्हे. मग वीस कशाला सांगायचे? दुःखालासुद्धा वाढवून सांगितल्याशिवाय कोणी विचारत नाही असे माणसांना वाटते, आणि त्यातून खरे दुःखही खोटे वाटू लागते. अशा जागी द वाल काही शेरा मारीत नाही, पुढच्या मुद्द्याकडे जातो. हा संयम आपल्याकडच्या प्रवासवर्णनकारांनी उचलावा.

शुशा गावावरची त्याची पाने मी दोनदा वाचली. डोंगरमाथ्यावरचे हे गाव, तेथे चर्चही आणि मशिदीही. १९२० साली गावाचा आर्मेनियन भाग जाळला गेला. १९९२ च्या मे महिन्यात आर्मेनियन फौजांनी गाव घेतले आणि अझरबैजानी भाग जळाला. गाव संगीतासाठी नावाजलेले. तेथे एक कवयित्री, एक संगीतकार आणि एक गायक ह्यांचे ब्राँझचे अर्धपुतळे होते: नातावान, हाजिबेयोव, बुलबुल. लढाईनंतर ते गोळ्यांनी चाळण होऊन भंगार म्हणून विकले गेले, आणि जॉर्जियातून सोडवून बाकूला आणण्यात आले. गायकाच्या पुतळ्याला गोळी घालणारा माणूस कोणत्या सुराला भिऊन गोळी घालीत असेल? विजेत्यांचेही पुढे काही भले झाले नाही. अर्धे गाव पडकेच राहिले, राहायला आलेले बहुतेक बाकूतून आणि इतर ठिकाणांहून हाकललेले आर्मेनियन; म्हणजे निर्वासितांनी निर्वासितांच्या घरात मुक्काम केला.

द वालचा दोष सांगायचा तर त्याच्या पुस्तकात माणसे पुष्कळ येतात पण थांबत नाहीत. वार्ताहर प्रश्न विचारतो, उत्तर लिहून घेतो, गाडीत बसतो. त्या माणसाने रात्री भाकर तुकडा खाताना बायकोला काय सांगितले, हे त्याला कळत नाही. आणि तो प्रामाणिक असल्यामुळे ते कल्पनेने लिहीतही नाही. जेथे त्याची वही संपते तेथे कादंबरीकाराचे काम सुरू होते.

ते काम अक्रम आयलिस्ली ह्याने केले. ह्याचा जन्म १९३७ चा, जात अझरबैजानी, गाव आयलिस. हे गाव काराबाखात नाही. ते नाखिचेवानमध्ये, इराणच्या सरहद्दीजवळ आहे. आर्मेनियन लोक त्याला आगुलिस म्हणत. रेशमाच्या व्यापाऱ्यांचे श्रीमंत गाव, एके काळी डझनभर चर्चे. १९१९ च्या अखेरीस तेथल्या आर्मेनियनांची कत्तल झाली. आयलिस्ली जन्मला तो त्या कत्तलीनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, पण गावातल्या थोरल्या माणसांच्या बोलण्यात ती जिवंत होती. सोविएत काळात त्याचे लेखन मॉस्कोपर्यंत वाचले जाई, आणि स्वतंत्र अझरबैजानने त्याला 'लोकलेखक' ही पदवी आणि मानधन दिले होते. अशा मानाच्या पाटावर बसलेल्या म्हाताऱ्याने 'दगडी स्वप्ने' ही छोटी कादंबरी लिहिली आणि २०१२ च्या डिसेंबरात मॉस्कोच्या एका मासिकात रशियन भाषेत छापली. त्या मासिकाच्या नावाचा अर्थ 'जनतांची मैत्री' असा आहे. इंग्रजीत ती २०१८ साली कॅथरीन यंग ह्या बाईंनी आणली, आणखी दोन लघुकादंबऱ्यांच्या सोबतीने.

कथानक साधे आहे. सोविएत सत्ता अखेरचे श्वास मोजते आहे आणि बाकू शहरात आर्मेनियन शिल्लक आहेत त्यांना जमाव शोधून काढतो आहे. सादाय सादिग्ली हा नावाजलेला नट रस्त्याने जाताना पाहतो की, एका म्हाताऱ्या आर्मेनियनाला लोक मारताहेत. तो मध्ये पडतो. जमाव त्यालाच आर्मेनियन समजून झोडपतो. नुवारिश नावाचा त्याचा नट मित्र, बेताच्या धैर्याचा माणूस, त्याला कसाबसा इस्पितळात आणतो. डॉक्टर फर्झानी त्याला तपासतात. त्यापुढे घडते ते जवळजवळ सगळे बेशुद्ध पडलेल्या सादायच्या मनात आणि खाटेभोवती जमलेल्यांच्या बोलण्यात. शेवट काय होतो ते येथे सांगत नाही. पुस्तक हाती येईल तेव्हा तुम्ही वाचालच.

जमावाने त्याला शत्रू समजून मारले, हे कथानकातले सर्वांत अर्थपूर्ण कलम आहे. चेहऱ्यावरून, नाकडोळ्यांवरून शेजारी कोण आणि आपला कोण हे ओळखता येत नाही, ही गोष्ट लेखकाने भाषण न करता, एका मारहाणीतून सांगितली. एरवी ज्यासाठी आपण चार पानांचा संवाद लिहू, ते तो एका चुकीच्या ओळखीतून करून टाकतो.

पण कादंबरीचे काळीज बाकूत नाही, आयलिसमध्ये आहे. बेशुद्धीत सादाय लहानपणाच्या गावी परततो. दगडी रस्ते, दगडी चर्चे, फळझाडे, आणि मागे राहिलेली आयकानुश नावाची आर्मेनियन म्हातारी. चर्चजवळ ती प्रार्थना करताना तो पोर तिच्याकडे टक लावून पाहत असे. पुढे नट झाल्यावर, बायकापोरांत वावरताना, त्याच्या मनातून ते दगड जात नाहीत. एच्मियाद्झिनला जाऊन, म्हणजे आर्मेनियन धर्मपीठाच्या गावी जाऊन, प्रायश्चित्त घ्यावे असे त्याला वाटू लागते. गावच्या पूर्वजांनी केलेल्या पापाचे ओझे नातवाने का वाहावे, हा प्रश्न येथे वाचकाला पडतो. लेखक त्याचे तर्काने उत्तर देत नाही. तो फक्त दाखवतो की, ज्या घरात तू वाढलास त्या घराच्या भिंतीत दुसऱ्याच्या चर्चचा दगड आहे, आणि तुला तो रोज दिसतो. 'दगडी स्वप्ने' हे नाव मला येथे कळले. स्वप्न विरून जाते, दगड विरत नाही.

आयलिस्लीची निसर्गवर्णने सुरेख आहेत, पण त्यांचा अंमळ अतिरेक होतो. गावावर पडणारा तो सोनेरी प्रकाश इतक्यांदा येतो की मला पुढे पुढे डोळे चोळावेसे वाटले. पात्रे विचारवंत असल्यामुळे बोलतातही फार. सादायचे सासरे प्राध्यापक अबासालियेव बोलू लागले की, लेखक त्यांच्या तोंडून वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतो आहे असे वाटते. उलट नुवारिश पाहा. भित्रा, थोडा हास्यास्पद, नोकरीची काळजी करणारा, आणि तरीही मित्राला टाकून न पळणारा. मोठ्या कादंबरीतल्या मोठ्या माणसांपेक्षा असा माणूस घडवायला अधिक हात लागतो. माझ्या मते हे पात्र ह्या पुस्तकातले सर्वांत यशस्वी पात्र आहे.

कादंबरी छापून आल्यावर जे झाले ते आता कादंबरीइतकेच प्रसिद्ध आहे. ७ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून लेखकाची पदवी आणि मानधन काढून घेतले. त्याची पुस्तके चौकांत जाळली गेली, त्याच्या स्वतःच्या आयलिस गावीसुद्धा. बायकोची आणि मुलाची नोकरी गेली. एका पक्षाच्या पुढाऱ्याने, जो कोणी ह्या लेखकाचा कान कापून आणील त्याला दहा हजार मनात बक्षीस, असे जाहीर केले. बाहेरून दडपण आल्यावर ते मागे घेतले. २०१६ साली एका साहित्यमेळ्यासाठी व्हेनिसला निघालेल्या ह्या ७८ वर्षांच्या गृहस्थाला विमानतळावर अडवून, तुम्ही सरहद्दीच्या शिपायावर हात उगारला, असा आरोप ठेवण्यात आला.

माझ्या एका कादंबरीत मी गावातल्या एका घराला पंचवीस वर्षे वाळीत टाकल्याची हकीकत घातली, तेव्हा पारावरची मंडळी सहा महिने माझ्याशी बोलत नव्हती, आणि गावजेवणाचे बोलावणे आमच्या घराला वळसा घालून जाई. माझा कान जागेवर राहिला, एवढे समाधान. पण त्या सहा महिन्यांत मला एक गोष्ट कळली. हकीकत खोटी आहे असे कोणीच म्हणाले नाही. सगळे म्हणत, 'खरे आहे हो, पण लिहायचे कशाला?' आयलिस्लीवरचा मुख्य आक्षेपही थोडाफार ह्याच जातीचा आहे.

तो आक्षेप नीट मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. टीकाकार म्हणाले: ह्याने आमच्या लोकांची पापे लिहिली, आर्मेनियनांची का नाही? खोजाली का नाही? १९९२ च्या फेब्रुवारीत खोजालीतून पळणाऱ्या अझरबैजानी नागरिकांवर गोळीबार झाला. अझरबैजान सरकारच्या आकड्यानुसार ६१३ माणसे मारली गेली, बायका-मुलांसह. ती जखम त्या राष्ट्राच्या उरात आहे आणि ती खरी आहे. आता, कादंबरीचा काळ खोजालीच्या आधीचा आहे, हे एक साधे उत्तर झाले. पण मला ते पुरेसे वाटत नाही. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे, की दोन्ही बाजूंचे दावे लिहून घेतले आणि खाली सही केली. प्रत्येक लेखकाने आपल्या घरचा केर काढावा. शेजाऱ्याच्या घरचा केर काढायला शेजारच्या घरात लेखक आहे. आयलिस्लीची अपेक्षा हीच होती. तिकडून तितक्याच तोलाचे पुस्तक आले असते तर ह्या म्हाताऱ्याचे एकटेपण कमी झाले असते.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे, आणि टीकाकारांच्या आरडाओरड्यात तो बुडून गेला. बाकूच्या त्या जमावात आर्मेनियातून हाकलून लावलेले अझरबैजानी निर्वासित पुष्कळ आहेत. १९८८ नंतर त्यांची घरे गेली, गुरे गेली, गावे गेली. राजधानीत येऊन ते उपरे ठरले, शहरी लोकांनी त्यांना नाके मुरडली. त्यांनी केले त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण कादंबरीत त्यांना चेहरा जवळजवळ नाहीच. ते नुसते हात, काठ्या आणि आरोळ्या आहेत. सादाय आणि त्याचे आप्त हे शहरी, सुसंस्कृत, नाटकातले लोक. त्यांच्या तोंडी ह्या खेडुतांविषयी जी तुच्छता येते ती लेखकालाही फारशी खटकत नसावी. मी खेड्यात राहणारा माणूस, म्हणून मला ती टोचली असेल. पण म्हाताऱ्या आर्मेनियनावर काठी उगारणारा तो एक पोरगा, चार महिन्यांपूर्वी कोणत्या गावी कोणाच्या गोठ्यात दूध काढीत होता, हे लेखकाने दोन पानांत जरी सांगितले असते तरी ही कादंबरी आज आहे त्याहून मोठी झाली असती. करुणेचा हात आर्मेनियन म्हातारीपर्यंत पोचला, आपल्याच निर्वासितापर्यंत नाही पोचला. लांबच्यापेक्षा जवळच्या गरिबाला क्षमा करणे सुशिक्षिताला जड जाते.

इकडे काराबाखचे राज्य नांदत होते. त्याला ध्वज होता: आर्मेनियाचाच तिरंगी, पण त्यावर पायऱ्या-पायऱ्यांची पांढरी नक्षी विणल्यासारखी. संसद होती, पोस्टाची तिकिटे होती. राजधानीच्या वेशीवर लालसर दगडात कोरलेले आजी-आजोबांचे दोन भव्य चेहरे होते; १९६७ साली सार्गिस बागदासार्यान ह्या शिल्पकाराने घडवलेले. तेच राज्याच्या मुद्रेवर आले. मान्यता मात्र कोणाची नव्हती. आबखाझिया, दक्षिण ओसेतिया, ट्रान्सनिस्त्रिया ह्या तिघांनी दिली होती, पण ती स्वतःच त्याच पंगतीत उपाशी बसलेली. खुद्द आर्मेनियानेही कधी मान्यता दिली नाही. आणि गंमत अशी की, ह्याच अमान्य राज्यात जन्मलेल्या दोघांनी, कोचार्यान आणि सार्ग्स्यान ह्यांनी, १९९८ पासून २०१८ पर्यंत आर्मेनियाचे अध्यक्षपद सांभाळले! राजधानीला एक विमानतळ नव्याने बांधून तयार झाला. इमारत झाली, धावपट्टी झाली. प्रवाशांना घेऊन नियमित विमान तेथून कधी उडालेच नाही, कारण उडाले तर पाडू, अशी पलीकडून धमकी होती. एखाद्या कादंबरीकाराला हा विमानतळ सुचला असता तर आम्ही म्हटले असते, प्रतीक फार ढोबळ झाले.

शेवट आला तो दोन पावलांत. २७ सप्टेंबर २०२० ला अझरबैजानने युद्ध सुरू केले. तेलाचा पैसा गाठीशी होता, तुर्कस्तानची माणूस नसलेली विमाने होती. ४४ दिवसांत भोवतालचा मुलूख, आणि काराबाखातलाही बराच भाग शुशासकट, हातचा गेला. रशियाने दोन हजारांच्या आसपास शांतिसैनिक ठेवले. १२ डिसेंबर २०२२ पासून आर्मेनियाकडे जाणारा एकुलता एक रस्ता, लाचिनचा, अडवण्यात आला. दुकाने ओस पडली, शिधापत्रिका निघाल्या, भाकरीसाठी रात्रीपासून रांगा लागल्या. शांतिसैनिक पाहत राहिले. १९ सप्टेंबर २०२३ ला हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी शरणागती. त्यानंतर लाखाहून अधिक माणसे, म्हणजे जवळजवळ सगळा समाज, मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर मिळेल त्यात बसून निघाला. एरवी दोन-तीन तासांच्या रस्त्याला दीड दिवस लागला. निघण्यापूर्वी पेट्रोलसाठी लोकांनी गर्दी केली होती तेथल्या साठ्याचा २५ सप्टेंबरला स्फोट झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे गेली.

आता ही दोन पुस्तके पुन्हा उघडली तर ती निराळी वाचली जातात. द वालच्या पुस्तकातले आगदामचे भग्नावशेष, जेथे घरांच्या दारे-खिडक्या नि विटासुद्धा उपसून नेल्या होत्या आणि एक मशीद तेवढी उभी होती, ते वाचताना पूर्वी वाटे की, हे हरलेल्यांचे चित्र आहे. आज कळते की, ते उद्या हरणार असलेल्यांनी केलेले काम होते. तीस वर्षे आगदामची माणसे आपल्या घराच्या किल्ल्या जपून बसली. २०२३ मध्ये काराबाखचे आर्मेनियनही किल्ल्या खिशात घालून निघाले. आणि आयलिस्लीच्या कादंबरीचे तर काय सांगावे! काराबाखच्या आर्मेनियनांना तिने सांगू पाहिले होते की, आमच्यातही तुमच्यासाठी रडणारा माणूस आहे, आपण पुन्हा शेजारी राहू शकू. ते ऐकायला ज्यांनी थांबायला हवे होते ते थांबू शकले नाहीत.

ह्या वाङ्मयाचा एक लहान धागा आपल्या देशातही आहे. आर्मेनियन व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता येथे पिढ्यान् पिढ्या नांदले. मुंबईच्या फोर्टमध्येही त्यांचे जुने चर्च आहे. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक, 'अझदरार', १७९४ साली निघाले ते मद्रासेत. कलकत्त्यात वाढलेला जोसेफ एमीन नावाचा एक तरुण आपल्या लोकांना स्वतंत्र करायचे वेड घेऊन इंग्लंडला गेला, काकेशसच्या डोंगरांत हिंडला, हात हलवीत परत आला, आणि १७९२ साली लंडनमध्ये आपले चरित्र इंग्रजीत छापून मोकळा झाला. घरापासून दूर बसून देशाचा विचार करणे हा ह्या लोकांचा जुना व्यवसाय आहे, आणि आता त्यात लाखभर माणसांची भर पडली आहे. त्यांच्यातून उद्या कोणी लिहील. त्याच्याकडे भाकरीच्या रांगा असतील, ट्रॅक्टरवरची रात्र असेल. त्याच्याकडे खोजाली आणि आगदामही असेल काय, हे मी पाहणार आहे.

'दगडी स्वप्ने' मराठीत यावी असे मला मनापासून वाटते. ती थेट रशियनमधून कोणी केली तर उत्तमच. नाही तर इंग्रजीवरून करायलाही हरकत नाही. अनुवादकाला एक अडचण येईल ती आधीच सांगून ठेवतो. सादायच्या तोंडी गावच्या बायकांना, शेजाऱ्यांना हाक मारण्याचे शब्द फार आहेत, आणि प्रत्येक शब्दात नात्याचे अंतर वेगवेगळे आहे. इंग्रजीत ती अंतरे पुसली गेली आहेत. मराठीत मात्र काकी, मावशी, आत्याबाई, अहो, अगं हे सगळे आहे. आयकानुशला सादाय काय म्हणून हाक मारील ते आधी ठरवावे; मला विचाराल तर 'मावशी'.